फुलला की कळवतो

९ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

पत्र वहिनीचं आहे, तुमच्या दादाचं नाही. पाकिटामागचा पत्ता बघून छातीत धडधडलं असेल तर आधी घोटभर पाणी प्या आणि मग वाचा. घाबरण्यासारखं काही नाही. मला वेलाबद्दल विचारायचं आहे.

फोन केला असता, पण तुम्ही तो उचलत नाही. नाही तर नाही, मी काही रुसून बसलेली नाही. शिवाय आपलं घर दोन खोल्यांचं, स्वयंपाकघरात कुजबुजलं तरी यांना पलंगावर ऐकू जातं. पत्राचं बरं असतं. मी शिलाई मशीनवर कागद ठेवून लिहिते आणि यांना वाटतं, बाई गिऱ्हाइकाची मापं लिहून घेतेय.

तर वेल. मी तो कापला.

चार फांद्या कमी केल्या असं नाही. गुडघ्याएवढा ठेवला आणि वरचं सगळं उतरवलं. खिडकी त्यानं निम्मी झाकून टाकली होती. हे हल्ली दिवसाही घरी असतात, खोलीत अंधार, आणि यांचं सारखं खिडकीकडे बोट. सकाळी बोट, दुपारी बोट. मला वाटलं उजेड हवा असेल. विचारलं तर ‘हां’ म्हणाले. मग काय, माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे, कात्री हातात आली की मी अर्ध्यावर थांबत नाही. कापडाची कात्री जाड फांद्यांना पुरेना, म्हणून यांच्या पेटीतला कटर काढला. स्टुलावर चढून एका रेषेत कापला, पॅंटची उंची कमी करावी तसा. खाली उतरून पाहिलं तर काय नीटनेटका दिसत होता. स्वतःवरच खूश होऊन मी ढीगभर फांद्या कचऱ्याच्या गाडीत टाकून आले.

आत आले तर यांनी भिंतीकडे तोंड केलेलं. म्हटलं डोळा लागला असेल. संध्याकाळी जेवायला नको, दुसऱ्या दिवशीही नको. काय झालं म्हणून विचारलं तर परत तेच बोट, फक्त आता ते खिडकीकडे नव्हतं, माझ्याकडे होतं.

वन्सं, वेल तुमचा आहे. रस्ता रुंद करायला ओढ्याकाठची झुडपं काढत होते तेव्हा तुम्ही त्याची हातभर फांदी ओल्या रुमालात गुंडाळून आणलीत, रेताड मातीच्या कुंडीत खोचलीत आणि वर काचेची बरणी उपडी घातलीत. मी हसले होते. नर्सरीवाले त्याला हनीसकल म्हणतात म्हणे, आपण नुसता वेलच म्हणत आलो. तुमच्या दादांनी त्याच्यासाठी भिंतीपासून चार बोटं लांब तारा ताणल्या, तुम्ही मुळाशी पाला पसरलात, आणि मी त्याच्या वाळलेल्या फुलांचा केर काढला. त्यापलीकडे मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.

तेव्हा एवढंच सांगा. याला परत वर यायला किती दिवस लागतात? खत कुठलं घालू? आणि यंदा फुलेल ना?

आमच्या दोघांची तब्येत ठीक आहे. तुमच्या यजमानांना, घड्याळवाल्यांना, नमस्कार सांगा.

तुमची वहिनी


२३ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

तुमचं उत्तर पोचलं. पाठपोट कागद, सगळा वेलावर. शाळेत तुम्ही पोरांना असंच शिकवत असणार, एकसुद्धा शब्द वाया नाही. ‘हा वेल गेल्या वर्षीच्या फांद्यांवर फुलतो. कळ्या यायच्या तोंडावर कापला म्हणजे त्या वर्षीची फुलंच कापली. छाटायचा तो फुलं गळून गेल्यावर, आणि तोही थोडा. यंदा फुलणार नाही. कधी कधी हंगामाच्या शेवटी नव्या फांदीला एखादा झुपका येतो, त्याच्या भरवशावर राहू नका. खत घालू नका, नुसतीच पानं माजतील आणि माव्याची कीड पडेल. मुळं सावलीत, अंग उन्हात. पाणी बोट खुपसून माती कोरडी लागली तरच. नवे कोंब कोवळे असतानाच तारेला लावून द्या, तो भिंतीला चिकटत नाही, बारीक तारेभोवती वळत जातो.’

आणि शेवटी, कागद संपता संपता: ‘दुपारी घरात उजेड कुणाला लागतो?’

मी हे वाचलं आणि मशीनवर डोकं ठेवून बसले. तुमच्यापासून काही लपत नाही, लहानपणीही लपत नव्हतं. दोन वेण्या घालून दारात उभ्या होतात, मी या घरात आले त्या दिवशी, आणि म्हणालात, ‘वहिनी, तुमच्या चपलेचा अंगठा तुटलाय.’ सगळ्यांना दिसली होती ती नवी साडी. तेव्हा चेष्टेनं तुम्हाला वन्सं म्हणायला लागले ते कायमचंच झालं.

सांगते. डिसेंबरमध्ये यांना अर्धांगाचा झटका आला. कारखान्यातच, लेथसमोर उभे असताना. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. ‘हां’ तेवढा राहिला आहे. भूक लागली तरी हां, नको असलं तरी हां, रागावले तरी हां. ऐकू सगळं येतं, समजतंही. शब्द आत आहेत आणि बाहेर यायची वाट बुजली आहे, असं डॉक्टर म्हणाले. सकाळी एक मुलगी येते, हातपाय हलवून घेते आणि लहान मुलांच्या पाटीवर अक्षरं गिरवायला लावते. ज्यांनी आयुष्यभर केसाएवढी चूक चालवून घेतली नाही, ते माझ्यासमोर डाव्या हातानं ‘क’ काढतात आणि तो ‘क’ होत नाही.

तुम्हाला कळवलं नाही कारण यांनी कळवू दिलं नाही. दवाखान्यात मी फोन काढून तुमचं नाव दाखवलं तर यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की वळ उठला. आजारी पडलो म्हणून बहिणीला बोलावलं असं यांना नको होतं. मग घरी आल्यावर ते बोट सुरू झालं.

आता मला सगळं उमगलंय आणि उमगून काही उपयोग नाही. जानेवारीअखेर त्या फांद्यांच्या टोकांना लालसर टिपके दिसत होते. मला वाटलं कीड आहे. यांना उजेड नको होता, वन्सं. कळ्या आल्या का ते बघायचं होतं. एकदा तर मी यांच्या उशाशी फोन बघितला होता, तुमचं नाव उघडलेलं. वेल फुलायची वाट बघत होते, फुलला की तुम्हाला कळवणार होते. आणि मी स्टुलावर चढून यांच्या डोळ्यांदेखत तो कापला.

मला काही सुचत नाही. तुम्ही निघून या.

वहिनी


१५ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र वाचून माझं डोकं फिरलं आहे, तेव्हा काही जास्त लिहिलं गेलं तर गेलं.

‘दादाने कळवावं, मी त्याच पावली निघेन. तोच म्हणाला होता कळवतो म्हणून.’ हे तुम्ही लिहिता. ज्या माणसाला पाणी मागता येत नाही त्यानं कळवावं. भावंडं तुम्ही एकाच मुशीतली. आईवडलांच्या माघारी यांनी तुम्हाला वाढवलं म्हणतात, मला वाटतं नुसता हट्टच वाढवला.

तो दिवस तुम्हाला आठवतो तसा मलाही आठवतो. मी वाढत होते. तुम्ही घड्याळवाल्यांना पहिल्यांदाच घरी आणलं होतंत, बिचारे एवढेसे होऊन बसले होते. तुम्ही सांगितलंत की आम्ही लग्न करतोय आणि मी याच्या गावाला राहायला जाणार आहे. हे म्हणाले, ‘या वयात लोक चष्म्याचा नंबर बदलतात, घर नाही.’ त्या गृहस्थाचा घास हातातच राहिला. मी यांच्याकडे डोळे वटारले, पण बोलून झालं होतं. तुम्ही हात धुतलेत, पिशवी उचललीत आणि दारात विचारलंत, ‘मग मी परत येऊ केव्हा?’

हे म्हणाले, ‘वेल फुलला की कळवतो.’

आणि वेल तेव्हा फुललेलाच होता. यांच्या पाठीमागे खिडकीभर लाल फुलं लोंबत होती. तुम्हीही पाहिलीत, मीही पाहिली. दर वर्षी याच शब्दावर तुम्ही आलात. आधी पोस्टकार्डावर एक शब्द, ‘फुलला’, मग फोनवर तोच एक शब्द, की तुम्ही रजा टाकून हजर. त्या खिडकीत दोघं भावंडं चहा घेऊन बसायची आणि फुलांत चोच घालणारे ते इवलेसे पक्षी मोजायची. तो शब्द यांनी तुमच्या तोंडावर दार लावायला वापरला. वाईट केलं. मी तेव्हाही म्हटलं, आताही म्हणते.

पण तुम्ही हे पाहिलेलं नाही. पहिल्या वर्षी फूल उघडलं त्या सकाळी हे दाढी करून, चष्मा लावून फोन घेऊन बसले. मी म्हटलं, पाठवा की. म्हणाले, ‘उद्या पाठवतो, अजून एकच उघडलंय.’ दुसऱ्या दिवशी म्हणाले, ‘तिनं तरी कुठं विचारलं?’ अशी सगळी फुलं गळली. दुसऱ्या वर्षी तेच. गेल्या वर्षी तर शब्द लिहिला, मला दाखवला, आणि बघू म्हणून फोन खिशात टाकला. तीन वर्षं वेल फुलला आणि यांच्या हातून तो एक शब्द सुटला नाही. तुम्हाला वाटत असेल दादा तुम्हाला विसरला. दादा रोज त्या वेलाला पाणी घालत होता, माती कोरडी नसली तरी.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की दुसरा झटका केव्हाही येऊ शकतो, आणि हृदयही थकलं आहे. मी विचारलं केव्हाही म्हणजे केव्हा. ते म्हणाले, भेटायचं असेल त्यांना बोलावून घ्या. भेटायचं आहे असं माणूस एकच आहे. मला मूलबाळ नाही, दीर नाही, तुम्ही आहात. मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

वेलाचं सांगते, कारण त्याशिवाय तुम्ही वाचणार नाही. कोंब भराभर आलेत. तुम्ही नको म्हणाला होतात तरी मी खत घातलं, कारण माझा जीव राहीना. तुमचं खरं झालं. पानं तळहाताएवढी आणि टोकांवर हिरवा मावा खचाखच. साबणाचं पाणी फवारतेय. कोंब तारेला लावून देते, एका दिवसात ते स्वतःच वेटोळं घालतात. हे सगळं मी खिडकीला पडदा लावून करते. कापलेला बुंधा यांना दिसू नये म्हणून मीच लावला तो पडदा. आता उजेडही नाही आणि वेलही नाही.

वहिनी


६ एप्रिल

प्रिय वन्सं,

गेल्या पत्रात मी तोंड सोडलं त्याची माफी मागणार होते, पण तुमचं उत्तर आलं तेही वेलावरच, म्हणजे आपली फिटंफाट. एक लांब कोंब जमिनीवर वाकवायचा, मधल्या पेराची साल जरा खरवडायची, तेवढा भाग मातीत दाबून वर दगड ठेवायचा, टोक बाहेर. मुळं फुटली की कापून वेगळं रोप. करते. त्याला कितीतरी महिने लागतात असं तुम्हीच लिहिलंय. मी महिन्यांचं काय करू, ते काही लिहिलेलं नाही.

मी एक मूर्खपणा केला, तो सांगते. हसा हवं तर.

बाजाराच्या टोकाला जी नर्सरी आहे तिथे गेले आणि विचारलं, फुललेला हनीसकल आहे का. नर्सरीवाला म्हणाला, हवा तेवढा. भरगच्च फुललेली कुंडी काढून दिली. फुलं पांढरी आणि पिवळी होती, लाल नव्हती. मी म्हटलं, आमचा लाल आहे. तो म्हणाला, ‘तो इथला रानातला हो, त्याला कोण विचारतो? हा बाहेरून आलेला. वास बघा याचा.’ वास खरंच सुरेख होता. मला वाटलं, पडद्यातून लांबून बघितला तर रंग कुणाला कळतोय. कुंडी उचलून आणली, खिडकीच्या कठड्यावर ठेवली, पडदा हातभर सरकवला आणि म्हटलं, ‘अहो, बघा.’

यांनी पाहिलं. चेहऱ्याची डावी बाजू उजळली. डावा हात फोनकडे गेला. आणि मग वाऱ्यानं तो वास आत आला.

आपल्या वेलाला वास नाही. हे मला ठाऊक होतं की नाही ते मलाच आठवत नाही. यांना ठाऊक होतं. यांनी एकदा श्वास घेतला, फोन होता तिथे ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले. रागावलेसुद्धा नाहीत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. माझ्या हातावर हात ठेवून हळूच थोपटलं, जसं काही आजारी मीच आहे.

कुंडी परत केली. तो म्हणाला, अहो लावून टाका, हा कुठेही वाढतो, मरत नाही. तुम्ही सांगायचात ते आठवलं, की हा परका वेल एकदा जमिनीत गेला की बाकीच्यांचा गळा धरतो. म्हटलं, नको, आमच्या घरी तेवढी जागा नाही.

आणखी एक. त्या दुपारी हे झोपले असताना मी यांचा फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. तुमच्या नावावर ‘फुलला’ असं लिहिलं. एक शब्द, एक बोट लावायचं काम होतं. तुम्ही आला असतात. आल्यावर कळलं असतं तरी काय बिघडलं असतं? मी बोट उचललं आणि पुसून टाकलं. तुम्ही भावंडांनी त्या एका शब्दात कधी खोटेपणा केला नाही. एकदा पावसानं आदल्या रात्री फुलं झडली तर यांनी धावत जाऊन तुम्हाला दुसरं कार्ड टाकलं होतं, ‘थांब, नवी येऊ देत.’ तो शब्द माझा नाही. मी इतक्या वर्षांत एकदाही तो लिहिलेला नाही.

मागच्या आठवड्यात यांना जेवताना ठसका लागला आणि तो थांबेना. चार दिवस दवाखान्यात काढून आलोय. आता पातळ करून चमच्यानं भरवते. व्यायामवाली मुलगी अजून पाटी घेऊन येते. मी तिला म्हटलं, आता कशाला त्रास देतेस. ती म्हणाली, ‘काकू, ते मला सोडत नाहीत.’

मी रोज सकाळी वेलाचं एकेक टोक तपासते. एका टोकाला टपोरं काहीतरी दिसत होतं. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही, नजर लागेल म्हणून. आज उघडलं. पान होतं.

तुमची वहिनी


२७ एप्रिल

प्रिय वन्सं,

आज वेलाबद्दल काही विचारायचं नाही.

काल सकाळी मी दुधाला बाहेर गेले होते. घरात आले तर पडदा खाली पडलेला. यांनी पलंगावरूनच काठीनं ओढून पाडला होता, दांडीसकट. अर्धा पलंगावर, अर्धा जमिनीवर. मला वाटलं पडले की काय हे. हे उशीला टेकून खिडकीकडे बघत होते.

वेल खिडकीच्या वर गेला आहे आता. हिरवागार, तारेतारेवर. मी लावून दिला तसा नाही, माझ्यापेक्षा शहाणा आहे तो, स्वतःच्या वाटेनं गेलाय. फूल एक नाही. कळी एक नाही. हंगाम संपला हे मलाही दिसतंय.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि रडायला लागले. म्हटलं, ‘मी कापला हो. मला कळलं नाही.’ इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम आलं. हे ऐकत होते. मग ‘हां’ म्हणाले. हा हां कुठला ते मला कळतं आता. असू दे म्हणाले.

मग पाटी ढकलली आणि पेनसाठी हात पुढे केला. मी कागद धरून ठेवला, बाकी काही करू दिलं नाही. आधी ‘फुलला’ लिहिलं. म्हटलं, हेही माझ्यासारखेच, शेवटी खोटं लिहायला तयार झाले. पण यांनी मान वर केली, वेल वरपासून खालपर्यंत पाहिला, लेथवरून काढलेला नग तपासायचे तसा, आणि पुढे ‘नाही’ लिहिलं. शेवटचा शब्द सगळ्यात छोटा आहे, त्यालाच सगळ्यात वेळ लागला. मशीनवर दोन गिऱ्हाइकांचे कपडे उसवून पडले होते, ते तसेच राहिले. मी कागद धरून बसले होते आणि माझ्या हाताला मुंग्या आल्या होत्या.

झाल्यावर म्हटलं, थांबा, तुमच्या फोनवरून फोटो काढून पाठवते, वन्संना आत्ता मिळेल. यांनी मान हलवली आणि मशीनच्या ड्रॉवरकडे बोट दाखवलं. त्यात तुमची पत्रं आणि माझी पाकिटं असतात. म्हणजे यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. मापं लिहिते म्हणून मी यांना फसवत होते आणि हे मला फसवू देत होते. पूर्वीसारखं टपालानंच जाऊ दे असं यांच्या मनात आहे, मी त्यात पडले नाही. तुमच्या घरातल्या या गोष्टी तुम्ही दोघं जाणा.

संध्याकाळी डॉक्टर येऊन गेले. काय म्हणाले ते लिहीत नाही. आज यांनी दोन चमचे पाणी घेतलं आणि आता डोळे मिटून पडले आहेत, तोंड खिडकीकडे आहे. पत्र पोचायला चार दिवस लागतात. ते मला कमी करता येत नाहीत, आणि इथला एक दिवस मला वाढवता येत नाही. मी फक्त धावत जाऊन पेटीत टाकू शकते.

कोंब मातीत दाबला आहे, वर यांच्या पेटीतलं लोखंडाचं वजन ठेवलंय. रोप होईल तेव्हा तुमचं. घड्याळवाल्यांनाही घेऊन या, त्या दिवशी ते अर्ध्या जेवणावरून उठले होते.

यांची चिठ्ठी सोबत ठेवते. पातळ कागद आहे, पाकिटाच्या तळाशी चिकटून राहिला तर हाती लागायचा नाही, म्हणून त्यावर आहे ते इथेही उतरवते. मात्रा ओळीच्या बाहेर गेली आहे, पण वाचता येतं.

फुलला नाही. ये.